तोंडात पिल्ले सांभाळणारा मासा : चिलापी



उसाला उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून आपल्यापैकी कित्येकांनी शेततळी घेतली. तळे भरले की घरात एक प्रश्न हमखास निघतो, "एवढं पाणी नुसतं उभं आहे, त्यात मासे का सोडू नयेत?" प्रश्न चुकीचा नाही. पाणी ठिबकला जाते, मासळी बाजारात जाते आणि एका तळ्यावर दोन पिके निघतात. पण कोणता मासा सोडायचा हे ठरवण्याआधी एका माशाची नीट ओळख करून घेणे भाग आहे. कारण हा मासा पुष्कळ वेळा न बोलावता येतो, आणि एकदा आला की सहसा जात नाही. त्याचे नाव तिलापिया. आपल्या बाजारात त्याला सगळे चिलापी म्हणतात.

या पाठात आपण एवढेच समजून घ्यायचे आहे की, या माशाची मादी आपली पिल्ले तोंडात सांभाळते आणि त्या एकाच सवयीमुळे आपल्या तळ्याचा सगळा हिशोब बदलतो.

१. आधी माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपली फजिती सांगावी, म्हणजे ऐकणाऱ्याला बरे वाटते.

माझे तळे झाले त्या वर्षी मोटारसायकलवर ड्रम बांधून एकजण बोटुकली विकायला आला. "सगळी कटला-रोहूच आहेत मालक," असे तो म्हणाला. मी चारशे मोजून घेतली. ड्रममधून तळ्यात ओतताना दोन-चार मासे जरा वेगळे दिसले, अंगाने उंचट, पाठीवर काटेरी पर उभा. मी म्हटले, असतील एखाद-दुसरे, काय फरक पडतो?

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेले तेव्हा पाझर तलावावरच्या नानांना जाळे घेऊन बोलावले. नाना जन्मभर मासेमारी करत आलेला माणूस. पहिल्याच ओढीला जाळे जड लागले. मी खूष झालो. काठावर आणून पाहिले तर जाळ्यात सगळी तळहाताएवढी, बोटाएवढी काळपट मासळी तडफडत होती. कटला-रोहू होते, पण हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, आणि तेही अंग न धरलेले.

नाना म्हणाले, "आण्णा, ह्यो चिलापी हाय. तुमच्या रोहूच्या ताटातलं ह्येनंच खाल्लं."

"पण नाना, मी दोन-चारच सोडले होते!"

"दोन-चार लई झालं की," नाना हसून म्हणाले. "त्येची आई पिल्लं तोंडात घिऊन फिरती. मरत्यात कवा?"

नानांच्या या एका वाक्यात सगळा पाठ आला. पुढे मी जे वाचले, विचारले, ते याच वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

२. ओळखायचा कसा

कटला, रोहू, मृगळ हे मासे हाताला मऊ लागतात, त्यांच्या पाठीवरच्या पराला टोचणारे काटे नसतात. चिलापीच्या पाठीवर मानेपासून शेपटीजवळपर्यंत एकच लांब पर असतो. त्याचा पुढचा भाग कडक काट्यांचा आणि मागचा भाग मऊ. उलट्या दिशेने हात फिरवला की बोट रक्तबंबाळ होते.

दुसरी खूण नाकपुडीची. कटला-रोहूच्या तोंडावर प्रत्येक बाजूला दोन भोके दिसतात. चिलापीला प्रत्येक बाजूला एकच. मासा हातात धरून नीट पाहिल्यास ही खूण सापडते.

आपल्याकडे चिलापीचे दोन प्रकार मुख्यत्वे आढळतात. एक मोझांबिक तिलापिया. हा जुना, काळपट. विणीच्या दिवसांत याचा नर जवळजवळ काळा होतो, हनुवटीखाली पांढरा पट्टा येतो आणि परांच्या कडा लाल होतात. दुसरा नाईल तिलापिया. याच्या शेपटीवर वरून खाली उभ्या बारीक रेघा स्पष्ट दिसतात. जिथे दोघे एकत्र येतात तिथे त्यांचा संकरही होतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून ठामपणे सांगता येतेच असे नाही.

३. आईचे तोंड हेच घर

आता मुख्य गोष्टीकडे वळू.

पाणी कोमट झाले, साधारण वीस अंशांच्या वर गेले, की नर तळाच्या गाळात तोंडाने उकरून ताटासारखा खळगा करतो. तो खळगा म्हणजे त्याचा ओटा. त्यावर तो दुसऱ्या नराला येऊ देत नाही. मादी आली की तिच्यापुढे नाचतो, तिला खळग्याकडे नेतो. मादी तिथे अंडी घालते, नर त्यावर आपले रेत सोडतो, आणि मादी लगेच वळून ती सगळी अंडी तोंडात उचलते. कित्येकदा फलनाचे काम तोंडातच पुरे होते. तेवढे झाले की नराचा संबंध संपला. तो दुसऱ्या मादीची वाट पाहत खळग्यावर थांबतो, आणि मादी तोंड भरून बाजूला निघून जाते.

कोणी म्हणेल, "आमच्या तळ्याला प्लास्टिक आहे, गाळ नाही, मग खळगा कुठे करणार?" भ्रमात राहू नका. उकरायला माती मिळाली नाही तरी हे मासे सिमेंटच्या टाकीतसुद्धा वितात.

अंडी पिवळसर, लंबगोल, दोन-तीन मिलिमीटरची. लहान मादीच्या तोंडात शे-दोनशे, मोठ्या मादीच्या तोंडात हजाराच्या घरातही असू शकतात. मादी ती नुसती धरून ठेवत नाही. जबडा हलवून ती तोंडात सतत घोळत ठेवते, जशी आपली आई सुपात धान्य घोळते तशी. त्यामुळे प्रत्येक अंड्याला ताजे पाणी आणि प्राणवायू मिळतो, अंड्यांवर घाण बसत नाही, बुरशी धरत नाही.

तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात. पण पिल्ले बाहेर येत नाहीत. पोटाला बलकाची पिशवी लोंबत असते, ती संपेपर्यंत ती आईच्या तोंडातच राहतात. अंडी उचलल्यापासून पिल्ले पोहायला सोडेपर्यंत पाण्याच्या उबेप्रमाणे साधारण दहा ते चौदा दिवस जातात. या काळात मादी जवळजवळ काहीच खात नाही. हनुवटीखालचे कातडे फुगून पिशवीसारखे दिसते, अंग मात्र रोडावते. तळ्याच्या कडेला शांत पाण्यात एखादी मादी तोंड मिटून, गळा फुगवून उभी दिसली तर समजावे की तिच्या तोंडात पाळणा हलतो आहे.

यानंतरचा भाग पाहण्यासारखा असतो. पिल्ले पहिल्यांदा बाहेर पडतात ती आईच्या डोक्याभोवतीच घुटमळत राहतात. बगळ्याची सावली पडली, एखादा मोठा मासा जवळ आला, की आई डोके खाली करून हळूहळू मागे सरकू लागते. ती खूण पिल्लांना कळते. सगळी झुंड आईच्या तोंडाकडे धावते आणि काही क्षणांत आत शिरते. संकट टळले की आई पुन्हा त्यांना बाहेर सोडते. असे काही दिवस चालते. शास्त्रज्ञांनी पिल्लांपुढे लाकडी किंवा मेणाचे खोटे मासे धरून पाहिले, तेव्हा पिल्ले त्यावरच्या गडद ठिपक्यांकडे, खळग्यांकडे ओढली गेली. म्हणजे आईचे काळे डोळे आणि तोंडाची पोकळी हीच त्यांची घराची वाट.

पिल्ले तोंडात सांभाळणारा हा एकटाच मासा नाही. कोकण किनाऱ्यावर मिळणाऱ्या शिंगाळ्याच्या जातीत अंडी नर तोंडात धरतो, म्हणजे तिथे बाप उपाशी राहतो. आफ्रिकेतल्या चिलापीच्या भाऊबंदांतही एका जातीत हे काम नर करतो, तर दुसऱ्या एका जातीत आईबाप दोघे वाटून घेतात. पण आपल्या तळ्यात येणाऱ्या दोन्ही प्रकारांत हा भार आईवरच असतो.

माणसालाही ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्राचीन इजिप्तमध्ये नाईल नदीचा तिलापिया पुनर्जन्माची खूण मानला जाई. कारण त्यांनी पाहिले होते की, पिल्ले माशाच्या तोंडात जातात आणि पुन्हा जिवंत बाहेर येतात. थीब्ज येथील नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातले बागेतल्या तळ्याचे चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रात पाण्यात तिलापिया पोहताना दिसतात.

४. रोहूचा हिशोब आणि चिलापीचा हिशोब

आता हे सगळे आपल्या तळ्याशी जोडू.

रोहूची किलोभर वजनाची मादी एका वेळी दोन लाखांच्या पुढे अंडी देऊ शकते. चिलापीची मादी शेकड्यांत देते. मग तळे भरून टाकतो कोण? तर शेकडा देणारी!

याचे कारण असे. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या नदीचे मासे. पावसाळ्यात पूर आला, पाणी पसरले, तरच ते वितात. अंडी पाण्यात सोडून दिली की आईबाप चालते होतात. लाखांतली बहुतेक अंडी आणि पिल्ले दुसऱ्यांच्या पोटात जातात. शेततळ्याच्या उभ्या पाण्यात तर ते वितच नाहीत. म्हणून त्यांचे बीज पूर्वी नदीतून गोळा करावे लागे. १९५७ साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांना कृत्रिमरीत्या विण्यास लावले, तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात बीज तयार होऊ लागले.

याचा अर्थ आपल्या तळ्यात चारशे रोहू सोडले तर ते चारशेच राहतात, मेले तर कमी होतात. बियाणे आपल्या हातात, संख्या आपल्या हातात.

चिलापीत संख्या आईच्या तोंडात असते. अंडी थोडी, पण त्यातली पुष्कळ जगतात. शिवाय ही वीण वर्षातून एकदा होत नाही. कोमट पाण्यात एक वीत संपल्यावर थोड्याच आठवड्यांत मादी पुन्हा अंड्यावर येते. हिवाळ्यात पाणी गार पडले की वीण थांबते, एवढीच विश्रांती. आणि सर्वांत वाईट भाग पुढे आहे. लहान तळ्यात गर्दी झाली की मोझांबिक तिलापियाची मादी दोन-तीन महिन्यांची, आठ-दहा सेंटिमीटरची असतानाच वयात येते. मोकळ्या मोठ्या पाण्यात हाच मासा हातभर लांबीकडे जातो. गर्दीत मात्र तो वाढायचे सोडून विण्याच्या मागे लागतो.

५. गर्दीचे गणित

समजण्यापुरता एक हिशोब मांडू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, मर्म लक्षात घ्यावे.

तळ्यात दहा माद्या आहेत. प्रत्येकीची शंभर पिल्ले जगली. हंगामात सहा वेळा वीण झाली. दहा गुणिले शंभर गुणिले सहा, म्हणजे सहा हजार. यात पहिल्या विणीच्या मुलींना त्याच वर्षी झालेली पिल्ले धरलेलीच नाहीत.

आता खाण्याची बाजू पाहा. समजा तुमच्या तळ्यातले शेवाळ, किडे आणि तुम्ही घातलेले खाद्य मिळून पाचशे किलो मासळी पोसू शकते. पाचशे मासे असतील तर प्रत्येकी एक किलो. दहा हजार असतील तर प्रत्येकी पन्नास ग्रॅम. वजन तेवढेच, पण पहिल्याला व्यापारी दारात येतो आणि दुसऱ्याला कोणी विचारत नाही.

आपण उसात हेच पाहतो. फुटवे वाजवीपेक्षा जास्त झाले की गबाळ दिसते भारी, पण ऊस बारीक राहतो, काही फुटवे मरतात आणि काट्यावर वजन भरत नाही. ज्वारीची विरळणी केली नाही तर कणसे बोटाएवढी येतात. तिथे आपण हाताने विरळणी करतो. पाण्याखाली विरळणी कोण करणार?

त्यात चिलापीच्या खाण्याला नखरे नाहीत. शेवाळ, गाळातला कुजका पाला, किडे, डासांच्या अळ्या, रोहूसाठी घातलेली पेंड-भुसा, आणि सापडली तर दुसऱ्या माशांची अंडी व बारीक पिल्लेसुद्धा तो खातो. कमी प्राणवायूच्या पाण्यात तगतो, खारट पाण्यातही जगतो. असा पाहुणा पंगतीला बसला की घरच्यांनी काय खावे?

६. हा आपल्याकडे आला कसा

मोझांबिक तिलापिया आफ्रिकेच्या पूर्व-दक्षिण भागातला. झांबेझी नदीच्या खालच्या अंगापासून दक्षिणेकडच्या नद्यांत त्याचे मूळ घर. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८५२ साली मोझांबिकमधल्या नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

तिथून तो निघाला आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस इंडोनेशियातल्या जावा बेटावर आढळला. तो तिथे कसा पोचला हे कोडेच राहिले. ज्या गृहस्थाला तो सापडला त्याच्या नावावरून तिकडे आजही या माशाला मुजाइर म्हणतात. १९४६ साली वू आणि कुओ नावाच्या दोघांनी त्याची पिल्ले सिंगापूरहून तैवानला नेली, म्हणून तिथे त्याचे नाव वू-कुओ मासा पडले. युद्धाने होरपळलेल्या आशियात तो गरिबाच्या ताटातला मासा म्हणून झपाट्याने पसरला. सहज वाढतो, काहीही खातो, बीज विकत घ्यावे लागत नाही. लोकांना वाटले, पाण्यातली कोंबडीच मिळाली.

भारतात तो १९५२ साली आणला गेला. हेतू चांगला होता. देशात अन्नाची टंचाई होती आणि पडीक तळी भरपूर होती. पण थोड्याच वर्षांत तळी बारीक माशांनी भरली, कटला-रोहू मागे पडू लागले. तेव्हा १९५९ साली देशाच्या मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. पण कागदावरची बंदी माशाला काय समजणार? तोवर तो तळ्यातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून धरणात गेला होता. पुढे नाईल तिलापियाही आला.

आज उजनीचेच पाहा. भीमेवरच्या या जलाशयात मासेमारांच्या जाळ्यात गेली कित्येक वर्षे चिलापीचा भरणा असतो. भिगवणच्या बाजारात त्याचे ढीग लागतात, त्यावर पुष्कळ घरांच्या चुली पेटतात, हेही खरे आहे. म्हणून चिलापी वाईटच, असे मी म्हणणार नाही. खायला तो चवदार आहे, काटे कमी आहेत. दोष माशाचा नाही. त्याचा स्वभाव न ओळखता त्याला कुठेही सोडणाऱ्या आपल्यासारख्यांचा आहे.

७. मग जगात तो पाळतात कसा?

सभासद विचारतील, "एवढा उपद्रवी मासा, मग परदेशात याची शेती कशी चालते?" शंका रास्त आहे. २०२० साली जगात नुसत्या नाईल तिलापियाचेच उत्पादन ४४ लाख टनांच्या आसपास होते. याचे उत्तर त्याच तोंडात आहे. आई नसेल तर तोंड नाही, आणि तोंड नसेल तर गर्दी नाही. म्हणून तळ्यात फक्त नर ठेवायचे. नर मादीपेक्षा झपाट्याने वाढतो हा आणखी एक फायदा.

नुसते नर मिळवण्याच्या तीन वाटा आहेत.

(अ) हाताने निवड. मासा थोडा मोठा झाला की पोटाखालची खूण पाहून नर-मादी वेगळे करता येतात. नराला गुदद्वार धरून दोन छिद्रे, मादीला तीन. पण हजारोंत एखादी मादी नजरचुकीने राहतेच, आणि राहिली की सगळे मुसळ केरात.

(आ) संकर. १९६०च्या सुमारास मलाक्का येथे हिकलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने मोझांबिकची मादी आणि झांझिबारकडच्या दुसऱ्या जातीचा नर यांची जोडी लावली, तेव्हा संततीत सगळे नर मिळाले. पण दोन्ही जाती शुद्ध राखणे अवघड जाते.

(इ) बीज केंद्रातील प्रक्रिया. पिल्लांना अगदी सुरुवातीचे तीन-चार आठवडे संप्रेरक मिसळलेले खाद्य देऊन जवळपास सगळी नर करतात. हे काम जाणकारांच्या देखरेखीखाली, केंद्रातच व्हावे. बाटली आणून घरी करण्याचा हा उद्योग नव्हे.

याच्या जोडीला जातीची सुधारणाही झाली. १९८८ साली फिलिपाइन्समध्ये एक मोठे काम सुरू झाले. इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल या देशांतून नाईल तिलापिया आणले, आशियातल्या पाळीव वाणांबरोबर ठेवले आणि पिढीमागून पिढी जोमदार वाढणारे निवडत गेले. पाडेगावला आणि कोइमतूरला उसाच्या हजारो रोपांतून एखादा वाण निवडतात, तसेच हे काम. त्यातून जी जात निघाली तिला गिफ्ट तिलापिया म्हणतात. आपल्या देशातही आता सरकारने अटी घालून तिच्या संवर्धनाला परवानगी दिली आहे. परवानगी आहे ती नोंदणी करून, मान्य केंद्रातील एकलिंगी बीज घेऊन आणि पाणी बाहेर जाऊ न देता पाळणाऱ्याला. ड्रमवाल्याकडून घेऊन ओढ्याकाठच्या तळ्यात ओतणाऱ्याला नव्हे.

८. घरचा मासा घरीच संकटात

आता एक विचित्र गोष्ट सांगतो. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जीवांची एक यादी तज्ज्ञांनी केली आहे, त्यात मोझांबिक तिलापियाचे नाव आहे. आणि हाच मासा त्याच्या स्वतःच्या घरी, आफ्रिकेत, धोक्यात आलेल्या जातींत मोडतो!

झाले असे की, तिथल्या लोकांनी लवकर वाढणारा म्हणून नाईल तिलापिया आणून पाळला. तो तळ्यांतून निसटून लिंपोपोसारख्या नद्यांत गेला. दोघे जवळचे भाऊबंद, त्यामुळे त्यांचा संकर होऊ लागला आणि शुद्ध मोझांबिक तिलापिया कमी कमी होत चालला. ज्या आईच्या तोंडाने त्याला जगभर तारले, त्याच तोंडात आता परक्याचे पोर वाढते आहे. आपल्याकडे त्याने जे केले, तेच त्याच्या घरी त्याच्यावर उलटले. दोन्ही ठिकाणी मूळ एकच : कोणीतरी चांगल्या हेतूने मासा सोडला आणि बांधाबाहेरचा विचार केला नाही.

९. आपण काय करावे

(१) बीज मान्यताप्राप्त मत्स्यबीज केंद्रातूनच घ्यावे, पावती घ्यावी. ओतण्याआधी पांढऱ्या घमेल्यात थोडे थोडे घेऊन पाहावे. काटेरी पाठीचा, उंचट मासा दिसला की बाजूला काढावा. पाच मिनिटांचा आळस मला दोन वर्षांना पडला.

(२) कालव्याचे, ओढ्याचे पाणी तळ्यात घेत असाल तर तोंडाला बारीक जाळी बांधावी. बीज विकत न घेताही चिलापी पाण्याबरोबर येतो.

(३) सांडव्याला जाळी हवीच, आणि पावसाळ्यात ती पालापाचोळ्याने तुंबते म्हणून रोज पाहावी.

(४) तळ्यात चिलापी झालाच असेल तर उन्हाळ्यात पाणी संपवून सगळी मासळी जाळ्याने काढावी आणि तळ पूर्ण वाळू द्यावा. कोपऱ्यात डबके ठेवू नये. त्या डबक्यात तोंड भरलेली एक मादी राहिली तरी पुढच्या वर्षीचे बियाणे राहिले. पाणी संपवता येत नसेल तर मत्स्यव्यवसाय खात्याच्या सल्ल्याने मोहाच्या पेंडीचा उपाय करता येतो. पण ती इतर माशांनाही मारते, म्हणून अंदाजाने टाकू नये. कीटकनाशक तर चुकूनही टाकू नये. ते पाणी उसाला, जनावरांना आणि शेवटी आपल्यालाच येते.

(५) काढलेला चिलापी खावा, विकावा, वाटावा. पण "जीव आहे, कशाला मारायचा" म्हणून बादलीभर नेऊन ओढ्यात सोडू नये. ती दया पुष्कळांना महाग पडते.

(६) चिलापीच पाळायचा असेल तर आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन चालू नियम आणि नोंदणीची माहिती घ्यावी. तळे पुराच्या पाण्यात बुडत असेल तर त्याचा विचारच सोडावा.

१०. शेवटी

माझ्या तळ्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तळे मी वाळवले, पुन्हा भरले, आता पावतीचे कटला-रोहू आहेत. माझे नुकसान भरून निघाले. पण ज्या दोन पावसाळ्यांत माझ्या तळ्यात चिलापी होता, त्या काळात सांडव्यावरून पाणी दोनदा ओढ्याला गेले होते. ओढा पाझर तलावाला मिळतो. त्या तलावाचा ठेका मासेमारांच्या सोसायटीकडे आहे आणि नाना तिचे सभासद आहेत, जसे आपण या कारखान्याचे. ते दरवर्षी पैसे भरून तलावात कटला-रोहूचे बीज सोडतात.

पुढच्या वर्षी नानांच्या जाळ्यात चिलापी आला. तो माझ्याच तळ्यातून गेला असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, कालव्यातूनही आला असेल. पण माझ्याकडून गेला नाही, असे तरी कोणत्या तोंडाने सांगू? नानांनी मला एका शब्दाने विचारले नाही. "आता आलाय तर हाय," एवढेच म्हणाले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

म्हणून सभासद बंधूंनो, तळे आपले, बांध आपला, पण बांधावरून गेलेले पाणी सर्वांचे असते. सहकारात आपण एवढी वर्षे हेच शिकत आलो आहोत.

उजळणीसाठी प्रश्न

१. रोहू लाखांनी अंडी देतो आणि चिलापी शेकड्यांनी. तरी तळे चिलापीने का भरते?
२. चिलापी आणि रोहू ओळखण्याच्या दोन खुणा कोणत्या?
३. फक्त नर सोडण्याने कोणते दोन फायदे होतात?
४. तळे वाळवताना कोपऱ्यातले डबके का ठेवू नये?
५. तुमच्या तळ्याच्या सांडव्याचे पाणी कुठे जाते? (याचे उत्तर या पाठात नाही. बांधावर जाऊन पाहावे.)